गवत उगवेपर्यंत

एप्रिल लागला की नांदेडात दोन गोष्टी एकदम अंगावर येतात, ऊन आणि क्लासवाल्यांचे फ्लेक्स. चौकाचौकात पोरापोरींचे चेहरे लटकतात, प्रत्येकाच्या हनुवटीखाली मार्कांचा आकडा. सगळे चेहरे एकाच फोटोवाल्याने दम देऊन हसवल्यासारखे दिसतात. यातले निम्मे फ्लेक्स माझ्याच दुकानात तयार होतात. मीच तो आकडा मोठा करतो, मीच त्याला पिवळी कड लावतो आणि संध्याकाळी त्याच चौकातून मान खाली घालून स्कूटर काढतो. वैताग येतो, पण तक्रार करायची कुणाकडे हा प्रश्नच आहे.

याच दिवसांत, रोज साडेपाचच्या ठोक्याला, माझ्या टेबलाचा खण थरथरतो. आत माझ्या मुलीचा, रेणूचा, जुना मोबाइल असतो. त्यात एक बागेचा गेम आहे आणि त्या गेमला माणसाची फार आठवण येते. 'तुमची बाग तुमची वाट पाहते आहे' असा निरोप तो रोज धाडतो. दुर्लक्ष केलं की सूर बदलतो, झाडं सुकल्याचं सांगतो, विसरलात का म्हणून विचारतो. यंदा मी बेचाळीस दिवस तो खण फक्त चार्जर लावण्यापुरता उघडला, तोही मोबाइल पालथा ठेवून. बाग उघडायची नाही, असं ठरवलं होतं. इतकं अवघड काम मी आयुष्यात दुसरं केलेलं नाही, आणि त्यात करायचं काहीच नव्हतं.

हात रिकामे राहिले की खणाकडे जातात, म्हणून मी दुसरे गेम धरले. पन्नाशीला टेकलेल्या माणसाने दुकानात बसून गेम खेळणं शोभत नाही, हे मला बायकोने सांगितलं, शेजारच्या झेरॉक्सवाल्याने सांगितलं, एका गिऱ्हाइकाने तर काचेतून बघून नुसती मान हलवली. पण मला कुठे मजा मारायची होती. मला संध्याकाळ ढकलायची होती.

पहिला दुकानातल्या कॉम्प्युटरवरचा, ट्रक चालवायचा. परदेशातला कुठलासा रस्ता, दोन्ही बाजूंना हिरवंगार, आपण ड्रायव्हर. मी सवयीने डावी बाजू धरली आणि पहिल्याच मिनिटाला समोरून येणाऱ्या गाडीवर जाऊन आदळलो. तिकडं सगळं उजवीकडून चालतं. वळणावर हॉर्न वाजवला तर दंड. हळू चालवलं तरी मागचा निमूट मागेच, शिवी नाही की काही नाही. चार तास गाडी हाकली, वाटेत एक टपरी लागली नाही, एक म्हैस आडवी आली नाही. शेवटी माल पोचवला, तर पडद्यावर काय आलं? किती मिनिटं उशीर झाला आणि किती वाचवता आली असती. इतक्या लांबून आलेल्या माणसाला कुणी पाणीसुद्धा विचारलं नाही. मी कॉम्प्युटर बंद केला आणि बराच वेळ उगाच चिडून बसलो. चिडायचं कारण गेम नव्हता. पोचलेल्या माणसाला आधी उशीर किती झाला ते विचारायचं, ही माझीच रीत होती. लातूरला मी दोन वर्षांपूर्वी दुसरं केलं तरी काय?

आमच्याकडं पोराला मेडिकलला घालायचं म्हणजे नुसतं क्लासला नाव घालून भागत नाही. लातूरला खोली करावी लागते. पोर अभ्यास करतं आणि घरातलं कुणीतरी एक, बहुधा आई, त्याच्यासोबत राहून गरम भाकरी घालते. संसाराचे दोन तुकडे होतात, आणि त्यात कुणाला काही विशेष वाटत नाही. रेणूची आई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका, तिला एवढी रजा मिळणं शक्य नव्हतं. माझा धंदा हाताने पाट्या रंगवायचा. फ्लेक्स आले आणि ब्रश वाळले. मीही फ्लेक्सच धरले ते लातूरहून परत आल्यावर; तेव्हा दुकान नाही तरी बंदच होतं, म्हणून मी गेलो. चार मजल्यांची इमारत, सोळा खोल्या, पंधरा आया आणि मी.

त्या इमारतीत आवाजाला बंदी होती. घरमालकाने तसं लिहून वगैरे लावलं नव्हतं, आयांनीच ठरवलं होतं. टीव्ही नाही. कुकरच्या शिट्ट्या सकाळी नऊच्या आत. भांडं पडलं तर पंधरा दारांतून डोकी बाहेर यायची. दुपारी पोरं आत पुस्तकात आणि आम्ही बाहेर कॉरिडॉरमध्ये, मेथी निवडत, हरभरे सोलत. निवडून झालं की प्रत्येकीच्या हातात मोबाइल, आवाज बंद केलेला. सोळा माणसं रांगेत बसून मुक्याने गोळ्या जुळवायची. तीन लाल गोळ्या एका ओळीत आल्या की त्या फुटतात, एवढाच तो गेम. फुटल्याचा आवाज कसा असतो ते मला त्या उन्हाळ्यात कळलंच नाही.

समोरच्या खोलीत औशाच्या नसीमआपा होत्या. त्यांच्या मालकांचं औशात शिलाईचं दुकान, मुलगा रेणूच्याच बॅचला. भाकरी थापायला मला त्यांनी शिकवलं आणि गोळ्या जुळवायलाही. त्यांची पातळी हजाराच्या पुढं गेली होती. मी चाळिसाव्या पातळीवर अडकून पडायचो, पाचही जीव घालवायचो आणि पुढचा जीव मिळेपर्यंत अर्धा तास मोबाइलकडे डोळे वटारून बघायचो. माणसाला अर्धा तास थांबवून ठेवणाऱ्या गेमचा मला मनस्वी राग यायचा. आपा मात्र एकेका चालीला विचार करत बसायच्या, आणि सुटलेली चाल सुटली म्हणून हळहळायच्या नाहीत.

"लई घाई करायलाव तुमी, भाऊ," त्या म्हणायच्या. "गोळ्या कुठं पळून चालल्यात का?"

रेणूने आपला मोबाइल माझ्या हातात दिला तो फेब्रुवारीत. बोर्डाची परीक्षा तोंडावर, त्यानंतर लगेच प्रवेश परीक्षा. तिचं तिनेच ठरवलं की आता मे महिन्यापर्यंत मोबाइल नको, घरी बोलायला साधा बटणांचा फोन पुरे. मला बरं वाटलं. देताना तिने ती बाग उघडून दाखवली आणि म्हणाली, "बाबा, रोज फक्त पाणी घाला. बाकी कशाला हात लावू नका."

ती बाग मी मग नीट पाहिली. कमरेएवढं गवत. वाटेवरचे दगड वाकडेतिकडे, काही मातीत गेलेले. भोपळे पिकून फुगून तसेच पडलेले, कुणी तोडायचं नाव नाही. फुलं जिथं उगवली तिथं, एक निळं, त्याच्याशेजारी दोन पिवळी, मध्येच काटेरी झुडूप. आमच्याकडं शेताच्या बांधाला धुरा म्हणतात, तसा एक धुरा होता आणि त्यावर पाच-सहा झाडं माजली होती. आमचं घर मूळचं हिमायतनगरकडचं, शेतीवाल्यांचं. शेतात गवत दिसलं की लोक मालकाचं नाव विचारतात. आणि माझा धंदा पाट्यांचा. खडू लावलेली दोरी भिंतीवर ताणायची, चिमटीत धरून सोडायची, सरळ रेघ उठते, मग त्या रेघेवर अक्षरं उभी करायची. तीस वर्षं मी हे केलं. वाकडं दिसलं की माझा हात आपोआप शिवशिवतो.

पहिले पंधरा दिवस मी फक्त पाणी घातलं. लातूरला तेव्हा नळ आठ-आठ, दहा-दहा दिवसांनी यायचा. जिन्याखाली सोळा खोल्यांचे सोळा ड्रम, प्रत्येकावर नाव, आणि ती नावं मीच रंगवून दिलेली, सगळी एका रेघेत. टँकर आला की आम्ही बादल्या घेऊन धावायचो. आंघोळीचं पाणी फरशीला, फरशीचं पाणी संडासला. आणि तेवढं सगळं करून वर आलो की मोबाइलवर निळी झारी घेऊन मी गवताला पाणी घालायचो. विहीर कधी आटायची नाही. झारी बुडवली की भरली. इतकं पाणी आणि ते गवताला, याचा मला खरंच संताप यायचा. खोटं पाणी होतं हे मला कळत नव्हतं असं नाही. पण सकाळी दोन बादल्यांवरून खालच्या खोलीतल्या परभणीच्या बाईशी हुज्जत घालून आलेल्या माणसाला खरं-खोटं करायला सवड नसते.

सोळाव्या दिवशी मी विळा घेतला.

आधी वाटेवरचं गवत काढलं, फक्त वाटेवरचं. मग वाट स्वच्छ आणि बाजूला रान, हे फारच वाईट दिसायला लागलं. मग दोन्ही कडा काढल्या. भोपळे तोडून विकले, नाणी आली. नाणी आली तर कुऱ्हाड घेता आली, कुऱ्हाड घेतली तर धुऱ्यावरची झाडं दिसायला लागली. झाडं गेल्यावर जागा निघाली. त्या जागेत वाफे पाडले, दगड उचलून वाट सरळ केली, निळी फुलं उपटून निळ्यांत, पिवळी पिवळ्यांत. मग फुलं तरी कशाला, म्हणून त्यात घेवडा लावला. गेम खूश होता. प्रत्येक पातळीला चांदण्या उधळायचा, शाबासकी द्यायचा. एप्रिलच्या शेवटी ती बाग एखाद्या छापील पानासारखी दिसत होती. रेणू दाराआड रसायनांची सूत्रं घोकत होती आणि मी दाराबाहेर बसून, तिला परीक्षा झाल्यावर दाखवू या आनंदात, तिच्या बागेच्या ओळी मोजत होतो.

नसीमआपांना मी ती कौतुकाने दाखवली. त्यांनी मोबाइल दूर धरून, मग जवळ धरून पाहिला.

"रान पोरीचं हाय न, भाऊ," त्या म्हणाल्या. "तिला इचारलं का?"

मी म्हणालो, तिला अचानक दाखवायचंय. आपांनी मोबाइल परत दिला आणि त्या मेथीची जुडी सोडायला लागल्या. त्यांचा तो प्रश्न मला तेव्हा कळला नाही, म्हणजे कळून घ्यायचा नव्हता. माझं सगळं लक्ष पुढच्या पातळीकडे होतं. त्याच दिवसांत मी रेणूचं वेळापत्रकही नव्याने आखून भिंतीला लावलं होतं, दोरी मारून, तीन रंगांत. रविवारची दुपार तिने मोकळी सोडली होती, तिथं मी जीवशास्त्र बसवलं.

परीक्षा झाली आणि आम्ही खोली सोडली. नांदेडच्या बसमध्ये अहमदपूर यायच्या आधी मी तिला मोबाइल दिला. तिने बाग उघडली. मी तिच्या चेहऱ्याकडे बघत होतो, शाबासकीची वाट पाहत. तिचा अंगठा इकडून तिकडे फिरला, धुऱ्यापाशी थांबला, पुन्हा फिरला. मग ती म्हणाली, "छान केलंत, बाबा. लई नीट केलंत." मोबाइल बंद करून तिने बॅगेत टाकला आणि लोहा येईपर्यंत खिडकीबाहेर बघत बसली. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं, नांगरून टाकलेली काळी रानं होती. घरी आल्यावर मोबाइल कपाटात गेला आणि पुन्हा बाहेर आला नाही. मार्क कमी पडले. ते पडतील हे तिला बसमध्येच ठाऊक होतं की काय, हे मी आजवर विचारलेलं नाही.

परवा मेहुण्याकडे गेलो होतो. त्याने टीव्हीला जोडायचा गेम घेतलाय, क्रिकेटचा. दोन्ही हातांत धरायचं एक यंत्र आणि त्याला इतकी बटणं की माझ्या बोटांची संख्या अपुरी पडली. मेहुणा टाकतोय, मी खेळतोय. चेंडू सुटला की मी बटण दाबायचो आणि पडद्यावर अक्षरं यायची, फार लवकर. पुन्हा चेंडू, पुन्हा फार लवकर. तेरा चेंडूंत सहा वेळा बाद झालो, सहाही वेळा त्याच कारणाने. मेहुणा म्हणाला, भाऊजी, चेंडू येऊ द्या, नुसतं बघा आधी. मी यंत्र सोफ्यावर आपटलं आणि टीव्हीत दोष आहे म्हणालो. बायकोने माझ्याकडे असं पाहिलं की मी चहा न घेताच उठलो.

त्या मोबाइलबद्दल रेणू एकदाच बोलली. तिने नांदेडलाच बीएस्सीला नाव घातलं होतं. कॉलेजातून आली की जेवायची, पुस्तक घेऊन बसायची. कसं चाललंय विचारलं की 'बरं' म्हणायची. पेपर कसा गेला, बरा. मैत्रिणी कशा आहेत, बऱ्या. एकदा मी म्हणालो, तो बागेचा गेम आता खेळत नाहीस? ती ताट उचलता उचलता थांबली. "तिथं मला काही मिळवायचं नव्हतं, बाबा," म्हणाली आणि ताट घेऊन आत गेली. आवाज चढला नव्हता की डोळ्यांत पाणी नव्हतं. मी हात धुवायचे विसरून तसाच बसलो. मला फार लाज वाटली. पोरीला सगळीकडून रांगेत उभं केलं होतं, क्लासात, इमारतीत, भिंतीवरच्या कागदात. एक कोपरा तिने वाकडा ठेवला होता, तर तिथंही मी दोरी घेऊन पोचलो.

गेल्या जूनमध्ये तिने सांगितलं की पुन्हा एकदा प्रवेश परीक्षा द्यायची आहे आणि लातूरला जायचं आहे. फी, हॉस्टेल, मेस, सगळी चौकशी तिची तिने केली होती. मी लगेच विचारात पडलो की दुकान कुणावर टाकायचं. ती म्हणाली, "यावेळी तुम्ही येऊ नका, बाबा." मी बरं म्हणालो. माझ्या तोंडून ते 'बरं' तिच्यासारखंच निघालं.

ती गेल्यावर कपाटातला मोबाइल मी दुकानात आणला. बाग होती तशी करून द्यायची, ती मे महिन्यात परत येईपर्यंत, असं मनाशी घेतलं. दुसरं काही देण्यासारखं माझ्याकडे नव्हतं. दुकानात एकटाच होतो, म्हणून पहिल्यांदा त्याचा आवाज सुरू केला. वारा होता त्यात. पाण्याचा आवाज, लांबून टिटवी. रेणूने ती बाग अशी ऐकली होती आणि मी ती मुकी करून नांगरली होती. घेवडा उपटला, दगड पुन्हा वाकडे केले, फुलं इकडची तिकडे लावली. आठ महिने हाच उद्योग. पण जे काय झालं ते इतकं ठरवून वाकडं दिसायला लागलं की माझं मलाच बघवेना. प्रत्येक वाकड्या दगडामागे माझा हात कळत होता. आणि गवत तर कुठून आणू? गेमच्या दुकानात पाण्यातले हंस मिळतात, कारंजी मिळतात, झोपाळा मिळतो. गवत मिळत नाही.

होळीच्या सुमारास नसीमआपांचा फोन आला, सहज, खुशाली विचारायला. मी त्यांना सगळं सांगून टाकलं. त्यांच्याकडेही हाच गेम होता. मुलीच्या लग्नाच्या धांदलीत दोन महिने उघडला नाही आणि बघतात तर रान माजलेलं.

"उगवायचं असंल तर तिकडं जाऊच नका," त्या म्हणाल्या. "तुमी उघडलं की गेमला वाटतं, मालक जागेवर हाय. मग गवत येत न्हाई. चाळीस दिवस सोडा. चिल्ला धरल्यावानी."

म्हणजे रेणूनेही आधी कधीतरी बाग तशीच सोडून दिली असणार. चिल्ला म्हणजे चाळीस दिवस सगळ्यांपासून बाजूला होऊन बसणं, हे मला आमच्या गल्लीतल्या दर्ग्यामुळे माहीत होतं. म्हटलं, एवढंच ना. पण एवढंच नव्हतं. गवत आलं की नाही हे बघायलासुद्धा उघडायचं नाही, हा त्यातला खरा छळ. पेरलेलं उकरून बघता येतं, इथं तेही नाही. एकोणिसाव्या दिवशी माझा धीर सुटला. म्हटलं, नुसता डोकावतो. उघडलं तर वाफ्यांच्या कडेला बोटभर हिरवं आलेलं, आणि माझ्या डोळ्यांदेखत वर पाटी आली, मालक परत आले म्हणून. गवत तिथंच थांबलं. मी स्वतःला इतक्या शिव्या दिल्या की झेरॉक्सवाला काय झालं म्हणून बघायला आला. मोजणी पुन्हा एकपासून.

तेव्हाच मी लातूरचा फोनही आठवड्यातून एकदाच करायचं ठरवलं. तोवर रोज करत होतो, झोपलीस का, उठलीस का, किती धडे झाले. पहिल्या आठवड्यात बायकोच्या फोनवरून चोरून एकदा लावला, तर बायकोने तो हातातून काढून घेतला. रविवारी बोलायचो तेव्हा धड्यांचं तोंडावर यायचं आणि मी तिथं उन्हाचं बोलायचो. आंबे आले का म्हणायचो. रेणू म्हणायची, बरं आहे ऊन. मग मेसची भाजी, हॉस्टेलचं पाणी, तिच्या आईची शाळा. फोन ठेवला की मी ट्रक काढायचो आणि कुठंतरी नेऊन आपटायचो.

लहानपणी आमच्या गल्लीत एकाच घरी टीव्हीवरचा गेम होता. एक टोपीवाला माणूस खड्ड्यांवरून उड्या मारत जायचा. त्याला काही जपून ठेवायची सोय नव्हती. सातव्या खड्ड्यापर्यंत पोचलो की वीज जायची, आणि पुन्हा आली की तो बिचारा पहिल्या खड्ड्यापाशी. आम्ही ओरडायचो, हसायचो आणि पुन्हा सुरू करायचो. पुसलं जाण्याचं इतकं वाईट कधी वाटलं नाही. आता प्रत्येक गेम सगळं ध्यानात ठेवतो, किती चाली चुकल्या, किती दिवस आला नाहीत, गेल्या वेळेपेक्षा किती कमी. माणसाचं निदान खेळताना तरी थोडं विसरलं जावं, असं मला या वयात वाटायला लागलंय.

परीक्षेच्या दुसऱ्या दिवशी दुपारी ती बसने आली. मी स्टँडवर होतो. बॅग घेतली, उसाचा रस घेतला, ऑटो केला. पेपर कसा गेला, हे ऑटोत तीनदा माझ्या जिभेवर आलं. मी चौकातले फ्लेक्स वाचत बसलो. त्यातला एक माझाच होता, एका बाजूने दोरी सुटून तो हसरा चेहरा अर्धा लोंबत होता.

घरी आल्यावर ती जेवली, झोपली. उठून चहा घेत होती तेव्हा मी तिचा जुना मोबाइल तिच्यापुढे ठेवला आणि चार्ज आहे, एवढंच म्हणालो. तिने आधी माझ्याकडे पाहिलं, मग मोबाइलकडे. नको म्हणेल असं वाटलं. पण तिने उघडला. मी वर्तमानपत्राची घडी घालायला घेतली, ती घालून झाली तर मोडून पुन्हा घातली. आधी वाऱ्याचा आवाज आला, मग पाण्याचा. मग रेणूने मान वर केली.

"किती दिवस उघडला नव्हता?"

"बेचाळीस."

"काहीच केलं नाही तुम्ही?"

"काहीच नाही," मी म्हणालो.

ती सरकून माझ्याजवळ बसली आणि मोबाइल दोघांच्या मध्ये धरला. माझे वाफे गवतात बुडाले होते. वाटेचा मागमूस नव्हता. धुऱ्यावर जिथं मी कुऱ्हाड चालवली होती तिथं तीन काटेरी रोपं वर आली होती, दिसायला काही चांगली नव्हती. जुनी बाग ती नव्हतीच. तोडलेली झाडं गेली ती गेली, ती काही मला परत देता आली नाहीत. पण गेममध्ये दिवस मावळत होता आणि तळ्याकाठच्या गवतात एक काजवा लागला, विझला, मग त्याच्या पलीकडे दुसरा लागला. उंच गवत असल्याशिवाय ते येत नाहीत, रेणूने सांगितलं. मला हे माहीत नव्हतं.

मग तिने मोबाइल माझ्या हातात दिला. "पाणी घाला," म्हणाली. "फक्त पाणी."

मी झारी उचलली. ती भिंतीला टेकून, पाय लांब करून बसली, चहाचा कप पोटाशी धरून. कोपऱ्यात एक दगड अगदीच वाकडा पडला होता. माझा अंगठा तिकडे गेला आणि परत आला.

"फिजिक्सला वेळ पुरला नाही मला," रेणू म्हणाली. मी विचारलं नव्हतं. "बायो चांगलं गेलं. शेजारची पोरगी रडत होती, बाबा, मध्येच. मला आधी कळेचना काय करावं." आणि मग ती सांगत गेली, वर्गातल्या पंख्याचं, त्या पोरीला हळूच रुमाल दिल्याचं, सुटलेल्या गणिताचं. दोन वर्षांत ती माझ्याशी इतकं सलग बोलली नव्हती. मी पाणी घालत राहिलो.